देव नसलेली तसबीर

आमच्या आत्याबाईंचे हात त्यांचं ऐकत नव्हते, तिथून ही सगळी भानगड सुरू झाली. आत्याबाई म्हणजे माझी सासू. हातांना दुखणं वगैरे काही नव्हतं हं, त्याच हातांनी त्या दोन पायल्या ज्वारी एका बैठकीत दळत. पण सकाळी चूल पेटवायला निघाल्या की चुलीशेजारच्या भिंतीसमोर ते हात आपोआप जोडले जात. आणि त्या भिंतीवर होतं काय? एक खिळा. नुसता, रिकामा, गंजका खिळा.

त्या खिळ्यावर आधी देवीची तसबीर होती. छप्पनच्या दसऱ्याला आमची हिंगणघाटची जवळजवळ अख्खी वस्ती नागपूरला गेली, पांढरी लुगडी नेसून दीक्षा घेऊन आली, आणि लगेच घरोघरचे देव टोपल्यांतून बाहेर निघाले. आमच्या घरची टोपली आत्याबाईंनी स्वतः डोक्यावर घेतली. टाक, मूर्ती, तसबिरी, सगळं वणा नदीत सोडलं आणि मागं वळून न पाहता घरी आल्या. वाटेत एक बाई रडायला लागली तर तिच्यावर डाफरल्या, "रडतं कायले? इतके वर्स आपन त्याईच्या पायरीखाली उभ्या होतो, आता ते जराक पान्यात उभे राह्यतील." अशी बाई.

मी तेव्हा लग्न होऊन नुकतीच आलेली. दुसऱ्या दिवशी सकाळी चुलीत फुंकर घालत बसले होते. आत्याबाई आल्या, खिळ्यासमोर उभ्या राहिल्या, हात जोडले, डोळे मिटले. मग डोळे उघडले. खिळ्याकडे पाहिलं, हातांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"तुनं पाह्यलं?"

"नाई जी."

"खोटं बोलून राह्यली. पाह्यलं तुनं."

पुढचे चार दिवस तेच. आमचे हे, म्हणजे माझे यजमान, कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर. फिटर माणसाला कुठल्याही दुखण्यावर पाना आणि हातोडी एवढाच इलाज ठाऊक. यांनी खिळा उपटला. दुसऱ्या दिवशी आत्याबाईंनी भोकाला हात जोडले. यांनी भोक मातीनं बुजवलं. आत्याबाईंनी त्या ओल्या मातीला हात जोडले. मग मी माझं डोकं चालवलं. पुन्हा खिळा ठोकून घेतला आणि त्यावर सूप टांगलं. म्हटलं, सुपाला कोण हात जोडतं? आठ दिवसांनी बघते तर आत्याबाई सुपाला तर हात जोडतच, वर मला त्यात तांदूळही पाखडू देत नसत. "राहू दे ते, दुसरं घे," म्हणत. का, ते त्यांनाही सांगता येत नव्हतं.

मी तोंडाला पदर लावून हसले होते. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते. कारण एका दुपारी डाळ निवडता निवडता आत्याबाई एकाएकी म्हणाल्या, "माही पयली पोरगी तापानं फणफणली होती, तवा सात रोज म्या याच खिळ्यापुढं हात जोडले. देवळात मले पायरीवर येऊ देत नोते, म्हनून घरीच जोडले. पोरगी गेली. आठव्या रोजीबी म्या उठून हात जोडले. इतकं होऊनबी या हाताईले अक्कल येत नाई. काय करू मी याईचं?" आणि खरंच स्वतःच्या हातांवर चापट मारली. अशी मुलगी होती हे तोवर मला कोणी सांगितलेलं नव्हतं, आणि तिचं नाव त्यांनी तेव्हाही घेतलं नाही.

तुम्ही म्हणाल, बुद्धाची तसबीर लावायची की तिथंच. ती होती आमच्याकडे, दारासमोरच्या भिंतीवर. यांनीही तेच सुचवलं, की माय, तीच इकडे आणू. आत्याबाई उखडल्या. "त्याच्यापुढं मी समजून हात जोडते. हा हात बिनसमजीचा हाय. असा हात त्याच्यापुढं नेऊ?" यांनी तसबीर होती तिथंच राहू दिली.

हा घरातल्या घरातला पेच तसाच चालला असता, पण वैशाखी पौर्णिमा जवळ यायला लागली. वस्तीतल्या काही बाया, बाळंतिणी, म्हाताऱ्या, दसऱ्याला नागपूरला जाऊ शकल्या नव्हत्या. त्यांनी पौर्णिमेला वस्तीतच प्रतिज्ञा घ्यायच्या असं ठरलं. आणि त्या म्हणून दाखवायच्या कोणी, तर आमच्या आत्याबाईंनी. अक्षर एक येत नव्हतं, पण एकदा ऐकलेल्या सगळ्या प्रतिज्ञा तोंडपाठ. वस्तीचे म्होरके, एक पिकल्या मिशांचे पेन्शनर गृहस्थ, स्वतः घरी येऊन विचारून गेले. आत्याबाईंना किती आनंद झाला म्हणून सांगू! जन्मभर सगळ्यांच्या मागं उभी राहिलेली बाई पहिल्यांदा पुढं उभी राहणार होती. दोन दिवस त्या ओव्या म्हणत दळत होत्या. तिसऱ्या दिवशी सकाळी सुपाला हात जोडले आणि मटकन खाली बसल्या.

"त्याईले सांगून दे, मले जमत नाई."

"माय, असं कसं म्हनतं?" हे म्हणाले.

"माहे हात सुपाले जोडले जातेत अन् मी दुसरीले सांगू? देवाले मानू नका म्हनून? ज्या दिवशी हात खाली राह्यतील, त्या दिवशी उभी राहीन. नाई राह्यले त नाई."

तेव्हा यांच्या डोक्यात ती अफलातून कल्पना आली. माणूस भिंतीला हात का जोडतो? तिथं काही नसलं तर जुनं आठवतं म्हणून, आणि काही असलं तर त्यालाच देव समजतो म्हणून. मग तिथं असं काही टांगायचं, की ज्याला हात जोडायचं कोणाच्या स्वप्नातही येणार नाही. "वर्ध्याले जाऊ अन् देव नसलेली तसबीर आनू," हे म्हणाले. सोपं काम आहे असं आम्हाला वाटलं.

रविवारी आम्ही तिघं गाडीनं वर्ध्याला गेलो. बाजारात एक तसबिरींचं दुकान होतं. दुकानदार मोठा गरीब स्वभावाचा, कानावर पेन्सिल, बोटं सरसानं चिकट.

"देव नसलेली तसबीर पाह्यजे," हे म्हणाले.

त्यानं कानावरची पेन्सिल काढली, पाहिली, परत ठेवली. "मंग लावान कायले?"

पण गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक. त्यानं डोंगर, नदी, झोपडी असा एक देखावा काढला. आत्याबाईंनी काचेला नाक लावलं. "हे टोकावर काय हाय?"

"झाड असन, मावशी."

"झाडाले कळस रायते?"

देखावा गेला. मग एक गुटगुटीत बाळ आलं. बाळाच्या हातात लोण्याचा गोळा निघाला, तेही गेलं. मग पाण्यावर पोहणारा हंस. हा मला फार आवडला होता.

"मावशी, यात नुसता हंस हाय. देवी नाई."

"गाडी उभी हाय मंजे मालकीन जवळच असन," आत्याबाई म्हणाल्या.

त्याच न्यायानं वाघ गेला, मोर गेला. गाईच्या तसबिरीकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही, नुसतं "तेहतीस कोटी" म्हणून पुढं सरकल्या. पुढाऱ्यांच्या तसबिरी दाखवल्या तर निम्म्यांना दुकानातच हार घातलेले. तासाभरात दुकानदार स्वतःच आपला माल संशयानं पाहू लागला. एक गुलाबाच्या फुलांची तसबीर त्यानं काढली, जवळ नेऊन पाहिली आणि आम्हाला न दाखवताच परत ठेवली. "बापा रे, माह्या दुकानात देवाबिगर काईच नाई!" तो म्हणाला. त्याला आनंद झाला होता की धसका बसला होता, कोण जाणे.

शेवटी स्टुलावर चढून त्यानं माळ्यावरून एक धुळकट चौकट काढली. कोणी एक गोरी बाई दोनेक महिने या भागात राहायला आली होती, तिनं काच आणि चौकट बसवायला दिलेलं चित्र. नंतर ती तिच्या मुलखात निघून गेली ती गेलीच. तीन वर्षं वाट पाहून दुकानदारानं ते विकायला ठेवलं, पण घेणार कोण? त्यानं फडक्यानं काच पुसली आणि आम्ही तिघं पाहतच राहिलो. जाड काळे पट्टे, मध्ये एक तांबडा गोळा, खाली पिवळं काही तरी सांडल्यासारखं, एका कोपऱ्यात निळ्या रेघा. विलायतेतल्या कुठल्या तरी मोठ्या चित्राची ही छापील प्रत होती म्हणे. छापताना शाई गळली असावी, असं आमच्या यांचं मत पडलं.

"हे काय हाय?" आत्याबाईंनी विचारलं.

"मलेबी नाई माहीत. त्या बाईले म्या इचारलं होतं. थे म्हने, काई नाई, नुसतं चित्र हाय."

"काईच नाई?"

"काईच नाई. वरची बाजू कोनती, थेबी समजत नाई. म्हनून म्या चारी बाजूले कड्या ठोकल्या. तुमच्या मर्जीनं टांगा."

आत्याबाईंच्या चेहऱ्यावर दसऱ्यानंतर पहिल्यांदा असं हसू पाहिलं मी. तरी त्या सहजासहजी फसणाऱ्या नव्हत्या. चित्र रस्त्यावर उन्हात नेऊन, वाकडं तिकडं करून त्यांनी बोटभर जागा सोडली नाही. पाच-पंचवीस माणसं जमली. कोणालाच त्यात काही सापडेना. झालं, पसंत. दुकानदारानं चित्र कागदात गुंडाळलं, सुतळी बांधली आणि देताना सवयीनं आपल्या कपाळाला लावलं.

"थांबा!" आत्याबाई ओरडल्या. "हात काऊन लावला? काय दिसलं तुमाले त्यात?"

"अवं मावशी, काई नाई दिसलं! मी त फूटपट्टीबी कपायाले लावतो!"

सुतळी सोडून सगळी तपासणी पुन्हा करावी लागली. आमची दुपारची गाडी चुकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चुलीपाशी वाट पाहत बसले. आत्याबाई आल्या. हात वर निघाले, अर्ध्यावर आले आणि समोर तो तांबडा गोळा पाहून थबकले. त्या कमरेवर हात ठेवून बराच वेळ पाहत राहिल्या. "कोनी आलं त नाई ना यात?" असं पुटपुटल्या आणि चुलीकडे वळल्या. मी मनात म्हटलं, जमलं!

कसलं जमतंय? चौथ्या दिवशी पलीकडच्या शेतकऱ्याची बायको विरजण मागायला आली. चांगली सोज्वळ बाई, विटाळ न मानता आमच्या सुखदुःखात येणारी. चित्राकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला. "अगंबाई, गनपती! ही काय सोंड, हे पोट." आणि दुसऱ्या दिवशी बिचारीनं आठवणीनं जास्वंदीचं फूल आणून दिलं. एकदा तिनं दाखवल्यावर आम्हालाही सोंड दिसायला लागली, आणि एकदा दिसलेली सोंड जाता जात नाही. आत्याबाई दोन दिवस चित्रापुढं कमरेवर हात ठेवून उभ्या राहत होत्या, की जाते का ही सोंड. शेवटी हे म्हणाले, कड्या चार आहेत, घाबरता काय? चित्र एका बाजूनं फिरवलं. सोंड गेली.

सोंड गेली आणि आठ दिवसांनी शेपूट आलं. यांच्या जिनिंगमधला एक सोबती घरी आला, चहाची बशी तोंडाला लावली आणि भिंतीकडे पाहून म्हणाला, "मारोती उडून राह्यला का जी?" पुन्हा फिरवलं. तिसऱ्या बाजूनं पोस्टमनला पिंड दिसली. आम्ही कोणाला काही विचारत नव्हतो हो! लोक आपणहून सांगायचे, आणि वर आमचंच कौतुक करायचे, की देव सोडले म्हणता अन् एवढी महागाची तसबीर लावली. मला इतका संताप यायचा! त्या पोस्टमनला मी पाणीसुद्धा विचारलं नाही.

आत्याबाई तर सकाळ झाली की आधी चित्रासमोर. हात कमरेवर, मान कलती, कधी जवळून, कधी दारातून. "हे काय निघालं निळं? काल नोतं." मी चूल सोडून जायची, दोघी मिळून त्या निळ्या रेघेची चौकशी करायची. चहाला उशीर झाला म्हणून हे कुरकुरायचे.

चौथी बाजू लावली तेव्हा पौर्णिमेला पाच दिवस उरले होते. या बाजूला तीन दिवस कोणालाच काही दिसलं नाही. चौथ्या दिवशी वस्तीचे म्होरके आत्याबाईंचा शेवटचा होकार घ्यायला आले, चष्मा पुसून चित्र पाहिलं आणि म्हणाले, "बैल चांगला हाय."

आमचा जीव भांड्यात पडला. बैल चालतो! पण आत्याबाई म्हणाल्या, "बैल हाय का नंदी?"

"महादेव सोबत नाई त बैलच," म्होरके म्हणाले.

"कालपरवाच्या बाजूले पिंड होती. थे गेली कुठं? चित्र फिरवलं त आतल्या आत त्याच्या पाठीवर बसली असन."

म्होरके विचारात पडले. पेन्शनर माणूस, वेळ भरपूर. दोघांनी मिळून चित्र चारी बाजूंनी फिरवून पिंड कुठून कुठं जाते याचा तास दीड तास शोध घेतला. गणपती आणि मारोतीही मध्येच भेटले. शेवटी म्होरके घाम पुसत "बाई, तुमचं तुमी पाहा" म्हणून निघून गेले, होकाराचं विचारायचं राहूनच गेलं.

पौर्णिमेची सकाळ उजाडली. मी उठले तर आत्याबाई आधीच भिंतीसमोर. मला पाहताच म्हणाल्या, "संपलं पोरी. चारी बाजू गेल्या. आता पाचवी बाजू कुठून आनू? जाय, त्याईले सांगून ये, मी येत नाई."

त्यांचा आवाज इतका पडला होता, की मला रडू फुटायच्या बेतात होतं. मी खाली मान घातली, आणि तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला.

"आत्याबाई, तुमचे हात कुठं हायेत?"

"कुठं मंजे?"

"पाहा ना जी."

त्यांनी खाली पाहिलं. दोन्ही हात कमरेवर होते. चांगले पक्के रोवलेले.

"चित्र आलं त्या दिवसापासून रोज इथंच हायेत," मी म्हटलं. "महिन्याच्या वर झालं. गनपती निघाला तरी इथंच, मारोती निघाला तरी इथंच. तुमी हात जोडलेच नाई जी. तुमाले तपासातून फुरसतच नाई भेटली."

त्या कितीतरी वेळ आपल्या हातांकडे पाहत राहिल्या. मग एकदम माझ्यावरच भडकल्या. "अन् तू हे आज सांगून राह्यली? बसून बसून काय पाहत होती इतके दिवस?" आणि मला पोटाशी धरून रडल्या. मीही रडले. हे दात घासता घासता आत आले, आमच्याकडे पाहिलं, चित्राकडे पाहिलं आणि "आता कोन निघालं?" म्हणून घाबरून विचारलं.

दुपार कलल्यावर लिंबाखाली बाया जमल्या. आत्याबाई पांढरं लुगडं नेसून सगळ्यांपुढं उभ्या राहिल्या. बोलताना एकदाही अडखळल्या नाहीत. बाया मागून म्हणत होत्या, आणि मला माझ्या सासूचा असा अभिमान वाटत होता, की अंगावर काटा येत होता. सगळं म्हणून झालं. आता खाली बसतील असं वाटलं, तर त्या तशाच उभ्या. म्हणाल्या, "एक सांगाचं राह्यलं. माहे हात पाच-सहा मयने खिळ्याले जोडले जात होते." आणि मग खिळा, भोक, सूप, सगळं सांगितलं, काही लपवलं नाही.

एकही बाई हसली नाही. मग मागून एक म्हातारी म्हणाली, "तुह्या घरी खिळा हाय माय, माह्या घरी कोनाडा हाय."

"माहे त अजूनबी उंबरठ्याले जातेत," दुसरी म्हणाली.

"म्या त सुनेले सांगतलंच नाई," तिसरी म्हणाली, आणि तिची सून शेजारीच बसली होती, ती म्हणाली, "म्याबी नाई सांगतलं." दसऱ्याला नागपूरला जाऊन आलेल्या बायाच होत्या या. इतके महिने सगळ्या वस्तीत घरोघर सकाळी हे चाललं होतं, आणि प्रत्येकीला वाटत होतं की आपणच तेवढ्या वाईट.

"थे चित्र कुठं भेटते?" कोणी तरी विचारलं.

एकच होतं. मग वस्तीत पाळी लागली. एकेका घरी पंधरा-पंधरा दिवस. ज्या घरी जाई तिथली बाई कमरेवर हात ठेवून देव शोधत बसे. कोणाला खंडोबा सापडला, कोणाला मरीआई, एकीला तर तिचा सासरा सापडला, तिनं ते चौथ्याच दिवशी परत केलं.

आमच्या घरून ते गेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम लवकर उठून चुलीपाशी बसले. भिंतीवर पुन्हा तो गंजका खिळा तेवढा. आत्याबाई आल्या, समोर थांबल्या. त्यांनी कमरेवर हात ठेवले, मान कलती करून खिळा वरून खालून नीट पाहिला.

"काई नाई हाय," त्या म्हणाल्या, आणि पीठ घ्यायला डब्याकडे वळता वळता, पहिल्यांदाच, त्या गेलेल्या मुलीचं नाव मला सांगितलं.